पाचवा डाव



चुकून आपल्या हाती आलेली वस्तू आपली होते का? चोरी केलेली नाही, खोटे बोललेलो नाही, कोणाला फसवलेले नाही. चूक दुसऱ्याची, फायदा आपला. अशा वेळी ती वस्तू परत करायला आपण बांधलेले आहोत की नाही? या प्रश्नाचा विचार मी पुष्कळ वर्षे टाळत आलो. शेवटी तो करायला लावला तो एका खेळाच्या गोष्टीने. ही गोष्ट अमेरिकेतील कॉलेजांच्या फुटबॉलची आहे, आणि नवल म्हणजे ती दोनदा घडली. पन्नास वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या संघांच्या हंगामात.

आधी खेळाविषयी थोडे. आपली मुले संध्याकाळी मैदानात खेळतात तो हा फुटबॉल नव्हे. अमेरिकेतील फुटबॉलमध्ये चेंडू लांबट असतो, तो हातात धरून पळायचा किंवा पुढच्या खेळाडूकडे फेकायचा, आणि समोरच्यांनी आडवे येऊन पाडायचे. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. प्रत्येक संधीला तिकडे ‘डाऊन’ म्हणतात. आपण सोयीसाठी डाव म्हणू. चार डावांत जमले नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याला द्यायचा. शेवटची रेषा अगदी जवळ आली असली तरी नियम तोच: चार डाव. रेषेपलीकडे चेंडू नेला की सहा गुण आणि त्यावर लाथ मारून मिळवायचा एक जादा गुण. दुरूनच लाथेने चेंडू खांबांमधून पाठवला तर तीन. एवढे कळले की पुढचे सगळे कळेल.

1940 चे साल. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठाचा संघ त्या वेळी फार जोरात होता. आदल्या वर्षी, 1939 मध्ये, त्यांनी आठही सामने जिंकले होते. 1940 च्या हंगामातही पहिले सहा सामने त्यांनी जिंकले. लष्करी अकादमीच्या संघाला 45-0, ओहायो स्टेटला 21-7, येलला 21-0 असे त्यांचे विजय. ऑक्टोबरमध्ये काही आठवडे ते देशात पहिल्या क्रमांकावर होते. सलग अठरा सामने ते हरले नव्हते. 16 नोव्हेंबर 1940, शनिवार. त्या दिवशी ते डार्टमथ कॉलेजच्या मैदानावर खेळायला न्यू हॅम्पशायरमधील हॅनोव्हर या गावी गेले. डार्टमथचा तो हंगाम बेताचाच चालला होता. कॉर्नेल सहज जिंकणार, असेच सर्वांना वाटत होते.

पण तसे झाले नाही. डार्टमथने कॉर्नेलला अडवून धरले आणि शेवटच्या सत्रात लाथेने तीन गुण मिळवले. 3-0. अगदी शेवटच्या मिनिटात कॉर्नेल डार्टमथच्या रेषेपाशी पोचले. पहिला डाव: थोडे पुढे. दुसरा डाव: आणखी थोडे. तिसरा: रेषा हातभर राहिली. मग कॉर्नेलने शिल्लक नसलेला विराम घेतला, म्हणून शिक्षा झाली आणि चेंडू पाच यार्ड मागे गेला. चौथ्या डावात चेंडू रेषेपलीकडे फेकला, तो डार्टमथच्या खेळाडूने खाली पाडला. नियमाप्रमाणे खेळ इथे संपला होता. चेंडू डार्टमथचा, विजय डार्टमथचा.

पंच होते रेड फ्रीझेल, अनुभवी आणि मान्यवर माणूस. शिक्षा, विराम, आरडाओरडा या धांदलीत त्यांच्या मोजणीत चूक झाली आणि त्यांनी चेंडू पुन्हा कॉर्नेलला दिला. पाचवा डाव. काही सेकंद उरले असताना कॉर्नेलने चेंडू फेकला, रेषेपलीकडच्या खेळाडूने तो झेलला, वर जादा गुणही मिळवला. 7-3. कॉर्नेल जिंकले.

आता पाहा, कॉर्नेलच्या मुलांनी यात काय वाईट केले? काहीही नाही. पंचाने चेंडू दिला, ते खेळले. धापा टाकणाऱ्या वीस वर्षांच्या मुलाने मैदानावर उभे राहून, ‘साहेब, आमचे चार डाव झाले,’ असे म्हणावे ही अपेक्षा कोणी ठेवू नये. निदान मी ठेवणार नाही.

प्रश्न उभा राहिला तो सामना संपल्यावर. कॉर्नेलचे प्रशिक्षक कार्ल स्नेव्हली सामन्यांच्या चित्रफिती बारकाईने अभ्यासण्यासाठी प्रसिद्ध होते. त्यांच्याच संघाची चित्रफीत धुऊन आली आणि त्यात पाच डाव स्पष्ट दिसले. पंच फ्रीझेल यांनीही आपली चूक मान्य केली. पण सामना संपल्यावर निकाल बदलण्याचा अधिकार पंचाला नव्हता. कॉर्नेल गप्प बसले असते तर 7-3 हा निकाल कायम राहिला असता, आणि नियमाने कोणी बोट ठेवू शकले नसते.

सोमवारी कॉर्नेलने डार्टमथला तार केली. विजय तुमचा आहे, अभिनंदन. डार्टमथने आभार मानून तो स्वीकारला. निकाल 3-0 असा नोंदला गेला आणि आजही तसाच आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात परतफेडीच्या प्रश्नावर लिहिताना एक भेद केला आहे, तो इथे उपयोगी पडतो. ते म्हणतात, दुसऱ्याचे काही आपल्याकडे आले असता दोन गोष्टी वेगळ्या पाहाव्यात: एक ती वस्तू, आणि दुसरी ती घेण्याची कृती. कृतीत दोष असेल तर त्याचे वेगळे भोगावे लागते. पण कृतीत दोष नसला तरी वस्तू दुसऱ्याची असेल, तर ती आपल्याजवळ आहे तोवर परत करण्याचे बंधन आहेच. आपण बहुतेक जण या दोन गोष्टींची गल्लत करतो. ‘मी काय चोरी केली?’ असा प्रश्न आपण तावातावाने विचारतो आणि त्याचे उत्तर ‘नाही’ आले की वस्तू आपलीच असे समजतो. शुभवर्तमानातील जक्कयाने लोकांना लुबाडले होते, म्हणून त्याने चौपट देऊ केले. कॉर्नेलने कोणाला लुबाडले नव्हते. त्यांना एकपटच द्यायचे होते. पण ते द्यायचे होतेच.

इथे माझ्या मनात एक शंका येते, ती लपवत नाही. तार कोणी केली? प्रशिक्षक, क्रीडा संचालक, विद्यापीठाचे अध्यक्ष या मोठ्या माणसांनी. मैदानावर घाम कोणी गाळला? मुलांनी. दुसऱ्याच्या खिशातले दान करून पुण्य मिळवणे सोपे असते. अध्यक्ष एडमंड डे तर स्वतः डार्टमथचेच जुने विद्यार्थी होते, तेव्हा कॉर्नेलमध्ये काही कुजबूज झालीच असेल, असे म्हणायला हरकत नाही. मी यावर बराच विचार केला. मला वाटते, विजय जर मुलांचा नव्हताच, तर तो परत करायला त्यांची परवानगी लागत नाही. पण दुःख मात्र त्यांचेच होते. अठरा सामन्यांची अखंड माळ त्यांनी गुंफली होती आणि ती एका तारेने तुटली. मोठ्यांनी केलेल्या न्यायाची किंमत लहानांनी मोजली, हे या गोष्टीचे कौतुक करताना आपण विसरू नये. घरातही असेच होते. बाप प्रामाणिक राहतो आणि मुलांची फी भरायला उशीर होतो.

आणि बक्षीस? गोष्टीत शोभले असते की पुढच्याच शनिवारी कॉर्नेल मोठ्या दिमाखात जिंकले. ते हरले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना 22-20 असे हरवले. सहा विजय, दोन पराभव असा हंगाम संपला. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत देशातील पहिल्या दोन-तीन संघांत असलेला संघ अखेरच्या यादीत पार खाली घसरला.

डार्टमथला तरी सगळे परत मिळाले का? सामना संपतो त्या क्षणी टोप्या हवेत उडवणे, एकमेकांना मिठ्या मारणे, त्या रात्रीचे गाणे, यातले काही तारेने पाठवता येत नाही. त्यांना आकडे मिळाले. परतफेड नेहमी अपुरीच असते.

आता दुसरी गोष्ट.

6 ऑक्टोबर 1990, पुन्हा शनिवार. कोलोरॅडो विद्यापीठाचा संघ मिझुरी विद्यापीठाच्या मैदानावर खेळत होता. कोलोरॅडोचा संघ त्या वेळी देशात बाराव्या क्रमांकावर होता. प्रशिक्षक बिल मॅकार्टनी स्वतः मिझुरीचे जुने खेळाडू. म्हणजे 1940 मध्ये जसा डार्टमथचा माजी विद्यार्थी कॉर्नेलच्या अध्यक्षपदी होता, तसाच इथे मिझुरीचा माजी विद्यार्थी कोलोरॅडोचा प्रमुख होता. आयुष्यात असे योगायोग घडतात, त्यांचा फार अर्थ लावू नये.

मिझुरी 31-27 ने पुढे होते. कोलोरॅडोचा एक खेळाडू रेषेकडे धावताना घसरून पडला आणि चेंडू रेषेपासून तीन यार्डांवर आला. वेळ अर्ध्या मिनिटाएवढा. पहिल्या डावात घड्याळ थांबवण्यासाठी त्यांनी चेंडू मुद्दाम जमिनीवर आपटला. तसे करता येते, फक्त एक डाव खर्च होतो. दुसऱ्या डावात धावून प्रयत्न केला, रेषा थोडी राहिली. विराम घेतला. मैदानाच्या कडेला डावांची संख्या दाखवणारी पाटी धरलेली असते. विरामाच्या वेळी ती ‘2’ वरून ‘3’ करायची राहून गेली. तिसरा डाव खेळला गेला, पाटीवर दुसराच. मग चौथा डाव, पाटीवर तिसरा. आणि त्यात कोलोरॅडोने घड्याळ थांबवण्यासाठी पुन्हा चेंडू जमिनीवर आपटला. दोन सेकंद उरले. पाचव्या डावात त्यांचा खेळाडू चेंडू घेऊन रेषेवर कोसळला. पंचांनी गुण दिले. 33-31. कोलोरॅडो जिंकले.

मिझुरीने तक्रार केली. त्या विद्यापीठांच्या संघटनेने पंचांना निलंबित केले, पण निकाल बदलता येत नाही असा निर्णय दिला. 1940 प्रमाणेच नियमाचे दार बंद होते. उघडे होते ते एकच दार, कोलोरॅडोने आतून उघडायचे. मॅकार्टनींना तसे विचारलेही गेले. त्यांनी नकार दिला आणि कारण दिले ते मैदानाचे. मैदान इतके निसरडे होते की आमची मुले सारखी घसरत होती, असा त्यांचा सूर होता.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक लोक इथे कॉर्नेलला देवदूत आणि कोलोरॅडोला सैतान करून मोकळे होतात. मला ते पटत नाही. दोन्ही पाचवे डाव सारखे नव्हते. कॉर्नेलने चौथ्या डावात जिवापाड प्रयत्न केला होता आणि तो फसला होता. पाचवा डाव त्यांना निव्वळ दान मिळाला. कोलोरॅडोने चौथा डाव वाया घालवला तो पाटीवर विश्वास ठेवून. हा शेवटचा डाव आहे असे त्यांना कळते, तर चेंडू जमिनीवर आपटायला ते काही वेडे नव्हते. त्यांनी काहीतरी प्रयत्न केला असता, कदाचित जिंकलेही असते. म्हणजे पंचांच्या चुकीने मिझुरीचे नुकसान झाले हे खरे, पण कोलोरॅडोचीही दिशाभूल झाली होती. तेव्हा ती ‘वस्तू’ नेमकी कोणाची, हे अक्वायनसांनाही चटकन सांगता आले नसते. मॅकार्टनींनी हे कारण दिले असते तर मी त्यांच्याशी वाद घालण्यापूर्वी दोनदा विचार केला असता.

पण पुढे राहिले ते निसरडे मैदान. ते मिझुरीच्या मुलांच्याही पायाखाली होते. खरे कारण हाताशी असतानाही माणूस कधी कधी लटके कारण पुढे करतो, कारण खरे कारण सांगायचे तर आधी ‘होय, पाच डाव झाले’ हे कबूल करावे लागते. पापनिवेदनाला जाऊन शेजाऱ्याची पापे सांगणारी माणसे आपण पाहिली आहेत. मी स्वतःही तसे केले आहे.

आता त्या हंगामाचे पुढे काय झाले ते पाहा. 6 ऑक्टोबरला तो एक सामना होता. त्याआधी कोलोरॅडोचा एक सामना बरोबरीत सुटला होता, एक ते हरले होते. पण त्यानंतर ते जिंकतच गेले. प्रत्येक शनिवारी त्या एका विजयावर आणखी एक वीट चढत गेली. 1 जानेवारी 1991 रोजी ऑरेंज बोल या मोठ्या सामन्यात त्यांनी नोत्र दाम या प्रसिद्ध कॅथोलिक विद्यापीठाला 10-9 असे एका गुणाने हरवले. तिथेही शेवटी नोत्र दामच्या खेळाडूने चेंडू घेऊन अख्खे मैदान पार केले होते, पण साथीदाराच्या नियमभंगामुळे पंचांनी ते गुण रद्द केले. अकरा विजय, एक पराभव, एक बरोबरी. पत्रकारांच्या मतदानात कोलोरॅडो देशाचे विजेते ठरले. प्रशिक्षकांच्या मतदानात एकही सामना न हरलेले जॉर्जिया टेक एका मताने पुढे गेले. विजेतेपद असे दोघांत वाटले गेले. कोलोरॅडोच्या नावावर आणखी एक पराभव असता, तर ते त्यांच्या वाट्याला येणे कठीण होते.

रविवारी, सोमवारी, अगदी मंगळवारीही एक सामना परत करता आला असता. कॉर्नेलने सोमवारी केला. डिसेंबरमध्ये परत करायचा म्हणजे हंगाम परत करायचा. जानेवारीत परत करायचा म्हणजे विजेतेपद, मिरवणूक, मुलांच्या बोटांतल्या अंगठ्या, सगळेच. वस्तू तीच, पण दर दिवशी तिच्याभोवती आपले काही ना काही गुंतत जाते, आणि एक दिवस असा येतो की तिला हात लावला तर आपले स्वतःचेच घर हलते. तोवर ती ‘आपली’ झालेली असते, आणि ती आपली नव्हती हे आठवून देणारा माणूस आपल्याला शत्रू वाटतो.

हे मी दुसऱ्याला सांगण्यासारखा नाही. बरीच वर्षे झाली. बाजारात मासळीवालीला मी शंभराची नोट दिली आणि तिने गर्दीत पाचशेची समजून पैसे परत केले. घरी येऊन पाकीट उघडले तेव्हा लक्षात आले. चारशे रुपये. उद्या देऊ म्हटले. दुसऱ्या दिवशी ती बाजारात नव्हती. त्याच्या पुढच्या दिवशी मी गेलो नाही. आठवड्याने ती दिसली, तेव्हा माझ्या मनात त्या चारशेंचे काहीतरी वेगळेच झाले होते. तिच्या लक्षात तरी असेल का? आणि आता सांगितले तर ती म्हणेल, इतके दिवस का ठेवलेत? मी तिच्याकडून पापलेट घेतले आणि भाव केला नाही. फिटले, असे स्वतःला सांगितले. फिटले नव्हते हे मला तेव्हाही कळत होते, कारण पुढे कित्येक दिवस मी त्या रांगेच्या दुसऱ्या टोकाने जात असे. पहिल्या संध्याकाळी पाच मिनिटांचे काम होते.

बिल मॅकार्टनी हे धर्मभीरू गृहस्थ होते. ते कॅथोलिक घरात वाढले, पुढे दुसऱ्या पंथात गेले. 1990 मध्येच त्यांनी पुरुषांसाठी एक धार्मिक चळवळ सुरू केली. पतीने पत्नीला, पित्याने मुलांना दिलेला शब्द पाळावा, हा तिचा गाभा. पुढे ती इतकी वाढली की तिच्या मेळाव्यांना फुटबॉलची मैदाने भरू लागली. 1994 च्या हंगामानंतर त्यांनी प्रशिक्षकपद सोडले. हजारो पुरुषांना सचोटीचा उपदेश करणाऱ्या या माणसाला तो पाचवा डाव विसरता आला नाही. लोकांनीही विसरू दिला नाही. 1998 मध्ये, आठ वर्षांनी, त्यांनी त्याबद्दल मनापासून खेद वाटतो असे सांगितले. मी हे उपहासाने लिहीत नाही. आठ वर्षांनी का होईना, मोठ्या नावाच्या माणसाने हे बोलणे सोपे नव्हे. मासळीवालीच्या बाबतीत मी तेवढेही केलेले नाही. पण तोवर त्यांच्या हातात परत करण्यासारखे शब्दांखेरीज काय उरले होते? ते संघाचे प्रशिक्षक नव्हते. ती मुले कधीच कॉलेज सोडून गेली होती, दोन्हीकडची. जानेवारी 2025 मध्ये मॅकार्टनींचे निधन झाले.

मिझुरीच्या त्या मुलांविषयी फारसे कोणी बोलत नाही. 1990 चा त्यांचा हंगाम तसा सामान्यच होता. एवढ्या बलवान संघाला हरवण्याचा दिवस त्यांच्या वाट्याला एकदाच आला होता. नोंदवहीत त्या वर्षी त्यांच्या नावापुढे चार विजय आणि सात पराभव आहेत, आणि त्या सातांपैकी एक 31-33 असा आहे.